पहिल्या फेऱ्याचा कारभारी

मनुष्याने निर्माण केलेल्या प्रेरक यंत्रांत अंतर्ज्वलन इंजिनाचे स्थान मोठे आहे. परंतु स्वतःच्या बळावर आरंभ करण्याची शक्ती मात्र त्याच्या ठिकाणी मुळीच नाही, ही गोष्ट नित्य मोटार हाकणाऱ्या माणसाच्याही सहसा ध्यानात येत नाही. वाफेच्या इंजिनाच्या बाष्पकात दाब आधीच साठलेला असतो. झडप उघडली की तो पिस्टनला ढकलतो आणि चाक फिरू लागते. विजेच्या मोटारीला प्रवाह मिळताच ती उभ्या जागी जोर धरते. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाचे तसे नाही. हवा आत ओढणे, ती दाबणे, पेटलेल्या वायूच्या प्रसरणाने पिस्टन ढकलला जाणे आणि जळका धूर बाहेर लोटणे, या चार क्रियांपैकी तिसरी तेवढी शक्ती देणारी, बाकीच्या तिन्ही शक्ती घेणाऱ्या. आणि घेणे आधी व देणे मागून असा क्रम असल्यामुळे, पहिला स्फोट होईपर्यंतचा फेरा बाहेरून कोणी फिरवून दिला नाही, तर शंभर अश्वशक्तीचे इंजिनही जागचे हालत नाही.

हा फेरा नुसता देऊन भागत नाही, तो पुरेशा गतीने द्यावा लागतो. पेट्रोलचे इंजिन मिनिटाला सामान्यतः ६० ते १०० फेरे घेऊ लागले म्हणजे पेट घेते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटायचे असते, आणि फेरा मंद असेल तर ती उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत जिरून जाते, म्हणून त्याला १०० ते २०० फेऱ्यांची गती लागते. हे काम करणाऱ्या विजेच्या मोटारीला आपल्याकडील चालक आणि कारागीर ‘सेल्फ’ म्हणतात. या सेल्फच्या पाठीवर मुठीएवढ्या धातूच्या डब्यात बसलेला सोलेनॉइड हा या प्रकरणाचा विषय आहे. सेल्फचा दात इंजिनाच्या दातात नेऊन बसवणे, तो बसल्यानंतरच बॅटरीचा प्रचंड प्रवाह मोटारीकडे सोडणे, आणि इंजिन चालू होताच तो प्रवाह तोडून दात मागे घेणे, अशी तीन कामे त्याच्याकडे सोपवलेली आहेत. यांपैकी पहिली दोन सर्वांना दिसतात. परंतु या उपकरणाची खरी बुद्धिमत्ता तिसऱ्या कामात, म्हणजे वेळेवर आणि निःशेषपणे माघार घेण्यात आहे, असे माझे मत आहे, आणि ते वाचकाला पटवून देणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा फेरा माणसाच्या दंडातून येत असे. मोटारीच्या तोंडाशी लोखंडी हँडल अडकवायचे आणि अंगातले बळ एकवटून ते फिरवायचे, हा शिरस्ता होता. आणि ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा हिसका देऊन तेच हँडल चालकाच्या अंगावर फेकीत असे, ज्यात मनगटे आणि हात मोडत. अमेरिकेतील मोटार-उत्पादक बायरन कार्टर हा दुसऱ्याच्या बंद पडलेल्या मोटारीला हँडल मारून देताना जखमी झाला आणि त्यातूनच उद्भवलेल्या दुखण्याने १९०८ साली मरण पावला, अशी हकीकत मोटारींच्या इतिहासात परंपरेने सांगितली जाते. आणि तिने व्यथित झालेल्या हेन्री लेलँड या कॅडिलॅक कारखान्याच्या प्रमुखाने हँडलाचा हा अंमल संपवण्याचे मनावर घेतले, असेही सांगतात. काम गेले ते ओहायो राज्यातील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग या अभियंत्याकडे.

केटरिंगने यापूर्वी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी केली होती, आणि दुकानातील रोकडयंत्राचा खण विजेने उघडणारी छोटी मोटार तेथे बनवली होती. सतत चालणाऱ्या मोटारीचा आकार तिला किती उष्णता सोसवते यावर ठरतो. परंतु जिला क्षणभरच काम करून थांबायचे आहे, तिच्यावर तिच्या नित्याच्या ताकदीच्या कितीतरी पट भार टाकला तरी ती तापण्याआधीच काम उरकते, हे त्या खणाच्या मोटारीने त्याला शिकवले होते. इंजिन फिरवायला इंजिनाइतकीच अवजड मोटार लागेल अशी तज्ज्ञांची समजूत होती. ती या एका विचाराने निकालात निघाली. १९११ साली केटरिंगचा स्टार्टर, म्हणजे हाच सेल्फ, कॅडिलॅकवर सिद्ध झाला, १९१२ सालच्या मोटारी तो घेऊनच बाजारात आल्या, ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी दिली, आणि १९१५ साली केटरिंगला त्याचे पेटंट मिळाले. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये, मध्ये त्याला विसावा द्यावा, हा जो नियम आजही सांगितला जातो त्याचे मूळ याच विचारात आहे: अल्पकाळाच्या अटीवरच त्या लहान यंत्राने एवढा मोठा भार पत्करलेला असतो.

परंतु मोटार मिळाल्याने प्रश्न संपला नाही. दोन नवे प्रश्न उभे राहिले. पहिला प्रश्न प्रवाहाचा. लहान मोटारगाडीचा सेल्फ फिरताना १०० ते २०० अँपिअर प्रवाह खातो, आणि स्तब्ध इंजिनाला पहिला हिसका देताना त्याहूनही कितीतरी अधिक. एवढा प्रवाह चालकाच्या पुढ्यातील चावीपर्यंत आणून तेथून परत सेल्फकडे न्यायचा म्हटले, तर अंगठ्याएवढ्या जाडीची तार गाडीभर फिरवावी लागेल. शिवाय त्या वाटेत एक शतांश ओहम एवढा क्षुल्लक रोध वाढला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडेल, आणि बारा व्होल्टांच्या तुटपुंज्या खजिन्यातून एवढी गळती परवडणारी नाही. जुन्या गाड्यांत म्हणूनच पायाखालच्या पाट्यात जड कळ बसवीत आणि चालक ती टाचेने दाबी. १९५७ सालच्या फियाट ५०० या चिमुकल्या गाडीत दोन आसनांमध्ये खटका होता, तो ओढला की तारेने सेल्फची कळ प्रत्यक्ष खेचली जाई. हुकूम आणि वीज या दोहोंची वाट एकच ठेवली की अशी अडचण येते. त्यांच्या वाटा वेगळ्या करणे, म्हणजे बारीक तारेतून थोड्या प्रवाहाने हुकूम पाठवणे आणि जाड तारेतली वीज सेल्फच्या दाराशीच जोडणे, हाच यावरचा उपाय होता.

दुसरा प्रश्न दातांचा. इंजिनाच्या फ्लायव्हील या जड चाकावर शंभराहून अधिक दातांचे कडे असते आणि सेल्फच्या लहान दातेरी चाकाला, म्हणजे पिनियनला, नऊ-दहाच दात असतात, त्यामुळे सेल्फचे दहा-पंधरा फेरे म्हणजे इंजिनाचा एक फेरा असे प्रमाण पडते व लहान मोटारीचा जोर तितक्या पटीने वाढतो. पण हा लाभ आरंभापुरताच. इंजिन चालू होऊन हजार फेऱ्यांवर गेले आणि दात अडकलेलेच राहिले, तर तेच प्रमाण उलटून सेल्फला मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्यांनी फिरवील, आणि त्याच्या फिरत्या गाभ्यावरील, म्हणजे आर्मेचरवरील, तारा केंद्रोत्सारी बलाने उखडून निघतील. दात हवा तेव्हा गुंतला पाहिजे आणि नको तेव्हा सुटला पाहिजे. व्हिन्सेंट बेंडिक्स याने यावर जी युक्ती काढली ती फार दिवस चालली: पिनियन मळसूत्री आट्यांच्या दांड्यावर बसवायचे, मोटार एकदम फिरली की जडत्वामुळे पिनियन मागे राहते आणि आट्यांवरून सरकत पुढे जाऊन कड्यात घुसते, आणि इंजिन वेग घेताच त्याच आट्यांवरून मागे फेकले जाते. या कल्पकतेबद्दल आदर वाटतोच. आजही आपल्या गॅरेजांतून सेल्फच्या या भागाला, त्याची रचना कोणतीही असो, ‘बेंडिक्स’ असेच म्हणतात. तथापि या युक्तीत दोन उणिवा होत्या. पिनियन फिरत्या अवस्थेत थांबलेल्या कड्यावर आदळे, त्यामुळे दात झिजत; आणि थंडीत इंजिनाने एखादाच अर्धवट स्फोट केला तरी तेवढ्या झटक्याने पिनियन बाहेर फेकले जाई, मग इंजिन पुन्हा थांबे आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागे. दात आधी शांतपणे गुंतवावा, प्रवाह मागून द्यावा, आणि चालक हुकूम मागे घेईपर्यंत दात गुंतलेलाच ठेवावा, अशी तजवीज हवी होती. प्रवाह आणि दात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर सोलेनॉइडने एकाच हालचालीत दिले.

त्यामागील तत्त्व जुने आहे. १८२० साली कोपनहेगन येथे अर्स्टेडने विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई विचलित होते हे दाखवले. फ्रान्समध्ये अँपिअरने तारेचे वेटोळे चुंबकासारखे वागते हे त्याच दशकात सिद्ध केले. आणि १८२५ साली इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने लोखंडाच्या गाभ्यावर तार गुंडाळून पहिला उपयुक्त विद्युतचुंबक बनवला. पोकळ वेटोळ्याच्या तोंडाशी लोखंडी दांडा अर्धवट आत ठेवून वेटोळ्यातून प्रवाह सोडला, तर दांडा आत खेचला जातो. हा दांडा म्हणजे प्लंजर. पण या खेचण्याचा एक स्वभाव येथे ध्यानात घेतला पाहिजे: प्लंजर आणि समोरचा स्थिर गाभा यांच्यात अंतर असते तोवर ओढ क्षीण असते, आणि अंतर मिटत जाईल तशी ती फार झपाट्याने वाढते, अंतर निम्मे झाले की ओढ सुमारे चौपट, असा तिचा स्थूल हिशेब आहे. म्हणजे प्लंजर दूर असताना त्याला आणायला मोठा प्रवाह लागतो, आणि एकदा तो गाभ्याला टेकला की त्याला धरून ठेवायला अल्प प्रवाह पुरतो.

या स्वभावाला अनुसरूनच सोलेनॉइडच्या डब्यात एकावर एक अशी दोन वेटोळी गुंडाळलेली असतात. एक जाड तारेचे, ओढणारे. दुसरे बारीक तारेचे, धरून ठेवणारे. दोहोंचा आरंभ एकाच टोकापासून होतो, आणि चावीकडून येणारी हुकमाची तार त्याच टोकाला जोडलेली असते. जर्मन मानकांनुसार या टोकाला ५० हा क्रमांक देतात, तर बॅटरीची जाड केबल ज्या बोल्टाला येते त्याला ३०. दोन वेटोळ्यांची दुसरी टोके मात्र वेगळ्या ठिकाणी जातात. धरणाऱ्या वेटोळ्याचे टोक डब्याच्या धातूला, म्हणजे कारागिरांच्या भाषेत अर्थिंगला, मिळते. ओढणाऱ्या वेटोळ्याचे टोक मोटारीच्या बोल्टाला जोडलेले असते, म्हणून त्यातील प्रवाह मोटारीतून वाट काढीत अर्थिंगला पोहोचतो. या एका टोकाच्या जागेत पुढची सर्व करामत साठवलेली आहे.

चावी फिरते, हुकमाच्या तारेत प्रवाह येतो, आणि दोन्ही वेटोळी एकाच दिशेने चुंबकत्व निर्माण करून प्लंजरला आत ओढू लागतात. प्लंजरच्या टोकाला एक फोर्क, म्हणजे मध्यभागी खिळलेली दुबोटी तरफ, अडकवलेली असते. प्लंजर मागे जातो तसे तिचे दुसरे टोक पिनियनला पुढे, कड्याकडे ढकलते. ओढणाऱ्या वेटोळ्याचा प्रवाह मोटारीतून जात असल्यामुळे याच वेळी मोटारही अगदी हळू वळत असते, आणि त्या मंद वळणाने पिनियनचा दात कड्याच्या खाचेचा माग काढतो. कधी दातासमोर दातच येतो. तेव्हा तरफेला अडवून न ठेवता मधली स्प्रिंग दबते, प्लंजर आपली वाटचाल पुरी करतो, आणि मोटार जरा फिरताच दबलेली स्प्रिंग पिनियनला खाचेत लोटून देते. प्लंजरच्या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात त्याच्या मागचा दांडा तांब्याच्या एका जाड चकतीला रेटतो, ती चकती बॅटरीचा आणि मोटारीचा असे दोन बोल्ट सांधते, आणि आता कुठे तो शेकडो अँपिअरचा लोंढा मोटारीत शिरतो. आधी दात, मग वीज हा क्रम येथे कोणाच्या दक्षतेवर सोडलेला नाही. एकाच दांड्याच्या प्रवासात दोन्ही गोष्टी मागेपुढे बसवल्यामुळे तो आपोआप पाळला जातो.

चकती बोल्टांना टेकली त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडते. ओढणाऱ्या वेटोळ्याच्या एका टोकाला चावीकडून बॅटरीचा विद्युतदाब आधीपासूनच होता; आता दुसऱ्या टोकाला, म्हणजे मोटारीच्या बोल्टालाही, चकतीतून तोच दाब आला. दोन्ही टोकांना दाब समान झाला की प्रवाह वाहण्याला कारणच उरत नाही, आणि जाड तारेचे ते भुकेले वेटोळे, कोणी कळ न दाबता, स्वतःच विराम पावते. त्याचे काम दुरून ओढण्याचे होते, ते झाले. जवळ आलेल्या प्लंजरला धरण्याचे अल्प खर्चाचे काम बारीक वेटोळे एकटे सांभाळते, आणि वाचलेली वीज मोटारीला मिळते.

इंजिन सुरू झाल्यावर चालक चावी सोडतो, आणि येथे ओढणाऱ्या वेटोळ्याच्या त्या दुसऱ्या टोकाच्या जागेचे पूर्ण रहस्य उलगडते. हुकमाच्या तारेतला प्रवाह थांबला, पण चकती अजून बोल्टांना चिकटलेलीच आहे. म्हणून मोटारीच्या बोल्टावरून वीज ओढणाऱ्या वेटोळ्यात उलट्या दिशेने शिरते, दोघांच्या सामाईक टोकापर्यंत येते, आणि तेथून धरणाऱ्या वेटोळ्यात नेहमीच्या दिशेने जाऊन अर्थिंगला पोहोचते. आता दोन वेटोळी एकामागून एक जोडली गेली असल्यामुळे दोहोंतून नेमका तेवढाच प्रवाह वाहतो. वेटोळ्याचे चुंबकीय बळ प्रवाह आणि फेऱ्यांची संख्या यांच्या गुणाकारावर ठरते. प्रवाह समान आहे, आणि रचनाकाराने तारांची जाडी निरनिराळी ठेवली तरी फेऱ्यांची संख्या मात्र दोन्हीकडे सारखी ठेवलेली आहे. तेव्हा एकाच दोराला दोन तुल्यबळ गडी विरुद्ध दिशांनी ओढू लागले म्हणजे दोर जसा जागीच राहतो, तशी दोन्ही बळे परस्परांना निष्प्रभ करतात, चुंबकत्व शून्यावर येते, आणि परतीची स्प्रिंग प्लंजरला झटक्याने मागे लोटते. चकती सुटते, वीज तुटते, पिनियन कड्यातून बाहेर येते. हे फेरे समान नसते, तर चकतीने चालू ठेवलेल्या प्रवाहाच्या जोरावर सोलेनॉइडने स्वतःलाच धरून ठेवले असते, आणि चावी काढून घेतली तरी सेल्फ फिरतच राहिला असता. हुकूम संपल्यावर सत्ता स्वतःच्याच बळावर टिकून राहू नये, याचा बंदोबस्त या डब्यात तारेच्या फेऱ्यांची नुसती गणना जुळवून केलेला आहे. यंत्ररचनेतील इतकी मितव्ययी आणि इतकी निर्णायक योजना मला दुसरी क्वचितच आढळली आहे.

इंजिनाने वेग घेतल्यापासून चालकाचा हात चावीवरून निघेपर्यंत जो क्षण-दोन क्षणांचा अवधी जातो, त्यात सेल्फचे रक्षण पिनियनमधला एकमार्गी क्लच करतो. त्यातील लहान लोळ्या, म्हणजे रोलर, निमुळत्या खाचांत बसवलेल्या असतात. मोटार पिनियनला ओढीत असताना त्या अरुंद बाजूला रुतून दोहोंना एकजीव करतात, आणि पिनियन मोटारीच्या पुढे धावू लागताच रुंद बाजूला सरकून त्याला मोकळे सोडतात. पिनियन मग हवे तितके फिरो, आर्मेचरला त्याचा उपद्रव पोहोचत नाही.

हा क्रम ज्याने समजून घेतला त्याला बिघाडाची भाषाही कळू लागते. चावी फिरवली आणि सोलेनॉइडने एकच ठसठशीत ‘टक्’ केले पण सेल्फ फिरला नाही, तर प्लंजर आला, चकतीही टेकली, पण वीज पार गेली नाही असे समजावे. प्रत्येक वेळी चकती जुळताना आणि सुटताना पडणाऱ्या ठिणगीने तांबे करपत जाते, किंवा मोटारीचे कार्बनचे ब्रश झिजलेले असतात. ‘टक्-टक्-टक्’ अशी अखंड फडफड ऐकू आली, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते: ओढण्यापुरता दाब तिच्यात असतो, पण चकती जुळून मोटारीचा भार पडताच तो कोसळतो, धरणारे वेटोळे प्लंजर सोडून देते, भार जाताच दाब सावरतो, पुन्हा ओढ, पुन्हा कोसळणे. बॅटरी निरोगी असूनही हीच फडफड होत असेल, तर धरणाऱ्या वेटोळ्याची तार किंवा तिचे अर्थिंग तुटल्याचा संशय घ्यावा. आवाजच आला नाही, तर दोष बहुधा हुकमाच्या बारीक तारेत किंवा चावीत असतो. सेल्फ भिंगरीसारखा फिरतो पण इंजिन हलत नाही, तर लोळ्यांचा क्लच निकामी झालेला असतो. आणि चावी सोडूनही सेल्फ थांबत नसेल, तर चकती बोल्टांना वितळून चिकटली आहे, किंवा एखाद्या वेटोळ्याचे काही फेरे आतल्या आत एकमेकांना मिळून ती समसंख्या बिघडली आहे. अशा वेळी बॅटरीची तार तत्काळ काढावी, कारण माघारीचा मार्ग बंद झालेला असतो.

या उपकरणाची रूपेही परिस्थितीप्रमाणे बदलली आहेत. आपल्या रस्त्यांवरील अनेक स्कूटर आणि मोटरसायकलींत दात सरकवण्याचे कामच नसते, कारण तेथे दातांची साखळी कायम गुंतलेली ठेवून सुटकेचे काम एकमार्गी क्लचवर सोपवलेले असते. म्हणून बॅटरीजवळच्या लहान डबीकडे नुसते वीज जोडण्याचे काम उरते. सिग्नलला इंजिन आपोआप थांबवून पुन्हा सुरू करणाऱ्या नव्या मोटारगाड्यांत आरंभांची संख्या अनेक पटींनी वाढली, तेव्हा काही रचनाकारांनी दात सरकवणे आणि वीज जोडणे ही कामे दोन स्वतंत्र सोलेनॉइडांकडे विभागून दिली, जेणेकरून इंजिन थांबता थांबताही दात गुंतवता यावा. आणि हुकूम देण्याचा अधिकार चालकाच्या चावीकडून इंजिनाच्या नियंत्रक संगणकाकडे गेला. अधिकारी बदलले, खात्यांची वाटणी बदलली. परंतु काम होताच संपूर्ण माघार, हा नियम मात्र कोणालाही बदलता आलेला नाही.

म्हणून सेल्फ घेत नाही असे दिसताच सबंध स्टार्टर बदलण्याची घाई करू नये. स्वस्थ बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्टांच्या जवळपास आहे काय, आणि सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली जात नाही ना, हे प्रथम मोजावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ती खरवडून काढावी. मग हुकमाच्या तारेत वीज येते काय ते पाहावे. आणि शेवटी, सेल्फला वीज सोडली असता सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांच्या दरम्यान अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब हरवतो काय, याची परीक्षा करावी. हरवत असेल तर दोष त्या तांब्याच्या चकतीत आणि बोल्टांच्या करपलेल्या डोक्यांत आहे, मोटारीत नाही. आणि अशा वेळी सबंध यंत्राऐवजी एक सोलेनॉइड बदलून काम भागते.